चुलीलाही सुट्टी हवी



दर वेळी आपण हप्त्याचं, व्याजाचं, शेळीपालनाचं नाहीतर पापड-कुरडयांचं बोलतो. आज जरा वेगळं बोलू. उन्हाळा तोंडावर आला आहे. हरभरा, ज्वारी घरात आली की घरोघरी एक विषय निघतो. "यंदा कुठंतरी जाऊन येऊ." विषय निघतो आणि तिथंच विरतो. नाहीतर निघतो आणि भांडणावर जातो. मग बाईमाणूस म्हणतं, "जाऊ द्या, मी आपली चार दिवस माहेरी जाऊन येते."

ज्या घरात लहान पोरं नाहीत, सगळी मोठी माणसं आहेत, तिथं तर हे ठरवणं आणखी अवघड असतं. पोरांना बागेत नेलं, घसरगुंडी दाखवली, आईस्क्रीम दिलं की काम झालं. मोठ्या माणसांचं तसं नाही. प्रत्येकाचं मत वेगळं, प्रत्येकाचं दुखणं वेगळं. आणि अर्ध्या तिकिटाचं माणूस घरात कुणी नाही, म्हणून खर्चही पूर्ण.

आमच्या घरात आम्ही सहाजण. मामंजी शहात्तरचे, आत्याबाई सत्तरच्या, आम्ही दोघं नवरा-बायको, चोवीस वर्षांचे भाऊजी आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली पुतणी. थोरल्या दिरांची ही लेक शिक्षणासाठी आमच्याकडंच राहते. दोन वेळा आम्ही सगळे मिळून सहलीला गेलो. पहिल्यांदा पस्तावलो आणि दुसऱ्यांदा सुखानं आलो. दोन्हीचा हिशेब आज तुमच्यापुढं मांडतो. आपल्या गटात वहीत चूक झाली तर ती लपवत नाहीत, सगळ्यांना दाखवतात. तसंच समजा.

पहिली सहल २०२३ च्या मे महिन्यातली. एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो. ठिकाणाचं नाव सांगत नाही, कारण चूक ठिकाणाची नव्हती, आमची होती. ठरवलं कसं? शेजारचे जाऊन आले होते, त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवले. आमचे हे म्हणाले, "आपणही जाऊ." झालं, ठरलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. शनिवारी पहाटे भाड्याची जीप केली आणि निघालो. खोली आधी बघितली नव्हती. "गेल्यावर मिळेल की" असं म्हणत गेलो. शनिवार, त्यातून मे महिना. दुपारी तीन वाजेपर्यंत सहा माणसं खोली शोधत उन्हात हिंडत होती. शेवटी सहाजणांत एक खोली मिळाली, एका रात्रीचे ४,५०० रुपये. हॉटेलचं जेवण परवडेना म्हणून घरून नेलेला स्टोव्ह काढला. खोलीच्या मागच्या पडवीत आत्याबाई आणि आम्ही दोन दिवस पिठलं-भात शिजवत बसलो. बाकीचे पॉइंट बघून आले. मामंजींचे गुडघे दुखायला लागले, ते जीपमध्येच बसून राहिले.

जीपचे ९,०००, खोलीचे दोन रात्रींचे ९,०००, खाण्यापिण्याचे ३,५००, पार्किंग, फाटक आणि किरकोळ मिळून १,५००. एकूण २३,०००. घरात होते १३,०००. उरलेले १०,००० आम्ही गटातून उचलले होते, महिना दोन टक्क्यांनी. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सहा हप्ते फेडले. व्याजाचे ७०० रुपये गेले. दिवाळीत फराळ करताना सहलीचा हप्ता भरायचा, हे फार टोचलं. त्याहून टोचलं ते आत्याबाईंचं एक वाक्य. घरी आल्यावर पिशवीतून स्टोव्ह काढून ठेवत त्या म्हणाल्या, "इथली चूल तिथं नेली, एवढंच झालं बाई."

पुढच्या वर्षी आम्ही कुठंच गेलो नाही. पण त्याच वर्षी गटाच्या बैठकीत एक गोष्ट घडली. एका ताईंनी सहलीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत दोन तट पडले. एकीनं स्पष्ट विचारलं, "बापयांनी पैसा कुठंही उडवला तर चालतो आणि बाईनं चार दिवस फिरायला मागितले की नियम आडवा येतो होय?" बोलणं खरं होतं. सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही आमच्या सात हप्त्यांची गोष्ट सांगितली. सहा हप्ते पैशांचे आणि सातवा मनस्तापाचा. फिरायला जायचा हक्क बाईला आहेच. पण आनंदासाठी काढलेलं कर्ज आनंद संपल्यावर फेडावं लागतं. आजारपणाचं, बियाण्याचं, पोरांच्या फीचं कर्ज वेगळं, ते टाळता येत नाही. सहल एक वर्ष पुढं ढकलता येते. शेवटी गटानं दोन गोष्टी ठरवल्या. सहलीसाठी कर्ज द्यायचं नाही, ज्याला जायचं त्यानं आधी साठवायचं. आणि जी सहलीला जाईल तिची गुरं, कोंबड्या, घरचं दार बाकीच्या बायकांनी सावडीनं सांभाळायचं. आज तिचं आम्ही, उद्या आमचं ती. तुम्हाला सांगतो, पैशाइतकीच ही दुसरी गोष्ट उपयोगी पडली. कारण "गाईचं कोण बघणार?" या एका प्रश्नावर आपल्याकडच्या निम्म्या सहली मोडतात.

आता दुसरी सहल. ही कशी ठरवली ते पायरी पायरीनं सांगतो. जमलं तर कागद-पेन जवळ घ्या.

पहिली पायरी पैशाची. आधी गाव ठरवायचं नाही, आधी आकडा ठरवायचा. मे २०२४ पासून आम्ही बँकेत महिना १,५०० रुपयांची बारा महिन्यांची आरडी सुरू केली. ह्यांचे ५००, भाऊजींचे ५००, आमच्या मानधनातले ३००, मामंजींचे १०० आणि आत्याबाईंचे अंड्यांच्या पैशातले १००. पुतणी अजून कमवत नाही, तिचे शून्य. पण घरात एक नियम केला. ज्याचे पैसे जास्त त्याचं मत मोठं, असं नाही. सहाजणांची सहा मतं. वर्षभरात १८,००० रुपये जमले, व्याज वेगळं. त्यातले २,००० राखीव म्हणून बाजूला काढले. अडीनडीला लागले तर वापरायचे, नाहीतर हात लावायचा नाही. म्हणजे सहल १६,००० मध्ये बसवायची.

दुसरी पायरी दिवसांची. घरात शाळकरी पोरं नसली की एक मोठा फायदा होतो, आणि तो आपल्या लक्षातच येत नाही. शाळेच्या सुट्टीवर आपण अडकलेलो नसतो. शनिवार-रविवारची गर्दी टाळून मंगळवार-बुधवार गाठता येतो. तेव्हा खोलीही स्वस्त मिळते. आमच्याकडं बघायचं होतं ते चार गोष्टींचं. पुतणीची परीक्षा, भावकीतली लग्नं, भाऊजींची रजा आणि शेतीची मशागत. मृग लागतो ७ जूनच्या आसपास, त्याच्या आधी रान तयार हवं. भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसलो आणि मेच्या पहिल्या आठवड्यातले मंगळवार ते गुरुवार, असे तीन दिवस आणि दोन रात्री मोकळ्या सापडल्या.

तिसरी पायरी अंगाच्या तक्रारींची. हे लाजून चालत नाही. मामंजींना पायऱ्या चढवत नाहीत, घाटात मळमळतं, रक्तदाबाची गोळी रोज लागते. आत्याबाईंना खाली बसायच्या संडासात त्रास होतो. ह्यांची पाठ लांबच्या प्रवासात धरते. आमची पाळी त्या आठवड्यात येणार होती की नाही, तेही बघितलं. सगळं कागदावर लिहिलं. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला जे झेपतं, तेच त्या घराचं ठिकाण. बाकीच्यांना वाढीव हिंडायचं तर ते तिथं गेल्यावर हिंडतील.

चौथी पायरी मतांची, आणि आमची गाडी इथंच अडली. एका रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना विचारलं, "कुठं जायचं?" पुतणी म्हणाली, मनाली. भाऊजी म्हणाले, गोवा. हे म्हणाले, महाबळेश्वर. मामंजी म्हणाले, अक्कलकोट-तुळजापूर करू. आम्ही म्हणालो, गणपतीपुळे, कारण समुद्र बघायचा होता. आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही न्याल तिथं." सहा माणसं, पाच गावं, आणि एक मत नाहीच. अर्धा तास हुज्जत चालली.

मग पुतणीनंच वाट काढली. ती आत्याबाईंना म्हणाली, "आजी, कुठं जायचं ते राहू दे. गेल्यावर तुला काय करायचंय ते सांग."

आत्याबाईंनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला बसून जेवायचंय. कुणीतरी गरम ताट आणून समोर ठेवावं आणि मी उठू नये. बस."

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दोन मिनिटांत घरात कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. पन्नास वर्षं त्या घरात त्यांनी सगळ्यांना वाढलं. घर सोडून रात्री काढल्या त्या बाळंतपणात, दवाखान्यात आणि पंढरीच्या वारीत. वारीतही भाकरी थापतच होत्या.

मग प्रश्नच बदलला. "कुठं जायचंय?" हे सोडून "काय करायचंय?" हे प्रत्येकाला विचारलं. पुतणी म्हणाली, "रात्री पांघरूण घेऊन झोपावं वाटेल एवढा गारवा हवा." तिला मनालीचा हट्ट नव्हता, उकाड्यातून सुटका हवी होती. भाऊजींना चढायचं, हिंडायचं होतं. ह्यांना गाडी-बिडीची जबाबदारी नको होती, दुपारी निवांत झोप हवी होती. मामंजींना देवदर्शन हवं होतं. आणि हळूच म्हणाले, "कोल्हापूरचं खासबाग मैदान एकदा डोळ्यांनी बघायचंय." तरुणपणी ते तालमीत जायचे, राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं ते कुस्तीचं मैदान बघायचं राहूनच गेलं होतं. आम्हाला काय हवं होतं? चुलीपासून सुट्टी. समुद्र हवा होता, पण त्याच्या आधी हे हवं होतं.

या सहा गोष्टी खाली खाली लिहिल्यावर गाव आपोआप पुढं आलं. थोडी उंची, पण वरपर्यंत एसटी. जवळ देव. चढायला-हिंडायला किल्ला. राहायला घरगुती खोल्या, जेवायला भाकरी. खासबाग वाटेवर. कोल्हापूर आणि पन्हाळा. सहाजणांपैकी एकाच्याही तोंडात आधी पन्हाळ्याचं नाव नव्हतं.

पाचवी पायरी घरापासून घरापर्यंतच्या हिशेबाची. मनाली आमच्यापासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास. जाण्या-येण्यातच चार दिवस मोडणार. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या गाड्या लगेच भरतात, आणि ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेत मिळणारी तिकिटाची सवलत २०२० साली बंद झाली आहे. ते खोडलं. गोव्याला एसटीनं जाता येतं, पण आपली सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि समुद्रकाठच्या खोल्या आमच्या आकड्यात बसत नव्हत्या. अक्कलकोट-तुळजापूरला भक्तनिवास स्वस्त, पण मे महिन्यातलं सोलापूरकडचं ऊन आणि दर्शनाची रांग मामंजींना झेपणारी नव्हती. ते थंडीत करायचं ठरलं. महाबळेश्वर पन्हाळ्याहून उंच आणि गार आहे, यात वाद नाही, पण मेमधले तिथले खोल्यांचे भाव ऐकून ह्यांनी स्वतःच नाव मागं घेतलं. राहिलं गणपतीपुळे. कोल्हापूरहून आंबा घाटानं रत्नागिरीकडं उतरायचं, म्हणजे मामंजींना घाट लागणार. आणि कोकणात पारा आपल्यापेक्षा कमी दिसला तरी हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही. पुतणीचा गारवा तिथं नव्हता. आम्ही समुद्र पुढच्या खेपेला ठेवला.

उंचीचं एक साधं गणित ध्यानात ठेवा. साधारण हजार फूट वर गेलं की हवा दोन अंशांनी उतरते. पन्हाळा तीन हजार फुटांहून थोडा वर आहे. आपल्या माणदेशातून तिथं गेलं की दुपारी फार फरक पडत नाही, ऊन हे ऊनच. पण सूर्य कलला की वारा सुटतो.

सहावी पायरी एसटीची. इथं सगळ्यात जास्त पैसे वाचले. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास फुकट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट. आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आमच्या घरात बघा. मामंजी फुकट. आत्याबाई, आम्ही आणि पुतणी अर्ध्या तिकिटात. पूर्ण तिकीट फक्त दोघांचं, ह्यांचं आणि भाऊजींचं. म्हणजे सहा माणसांचा प्रवास साडेतीन तिकिटांत. घरात पोरं नसल्यामुळं अर्धं तिकीट नाही असं आम्ही सुरुवातीला म्हणालो, ते इथं खोटं ठरलं! कोल्हापूर, पुढं पन्हाळा आणि परत, सगळं मिळून १,८३० रुपये झाले. दोन वर्षांपूर्वी जीपला ९,००० मोजले होते. आधार कार्ड मात्र प्रत्येकाच्या पिशवीत हवं. सगळ्यांची कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका, पाकीट हरवलं तर सगळेच अडकतात.

सातवी पायरी खोलीची. पुतणीनं तीन ठिकाणी फोन केले. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले. दोन खोल्यांचे सगळे मिळून किती? पायऱ्या किती? कमोड आहे का? गरम पाणी किती वाजता? खोली किती वाजता ताब्यात मिळेल? जेवण घरचं मिळेल का? मंगळवार-बुधवारच्या रात्री म्हणून भाव थोडा कमी होईल का? तिसऱ्या ठिकाणी एका घरगुती निवासात तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, एका रात्रीचे दोन्हींचे मिळून २,६०० रुपये. एका खोलीत आम्ही तिघी, दुसरीत तिघे बापये. मोठ्या माणसांना दोन खोल्या लागतातच. तिथं काटकसर केली की चिडचिड सुरू होते. आगाऊ पैसे पाठवताना सगळी रक्कम एकदम पाठवू नका. आधी मालकांशी बोला, खोलीचे फोटो मागवा, थोडी रक्कम द्या, बाकीची तिथं गेल्यावर. मोबाईलवर दिसलेल्या अनोळखी जाहिरातीवर घाईनं पैसे टाकून फसलेली माणसं आपल्याच गावात आहेत.

स्टोव्ह घ्यायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. निघायच्या आदल्या रात्री ह्यांनी तो पिशवीशेजारी आणून ठेवलाच. "असू द्या, चहापुरता." आत्याबाईंनी काही न बोलता उचलला आणि माळ्यावर ठेवून आल्या.

पहिल्या दिवशी दुपारची शिदोरी घरची होती. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं. खासबागेत मामंजी हौद्याकडं बघत कितीतरी वेळ उभे राहिले. भाऊजींना तिथली माती, बैठकीची उतरण, सगळं समजावून सांगत होते. घरात फार न बोलणारा माणूस. रक्तदाबाची गोळी घरी राहिली होती, ते तिथं कळलं. पुतणीच्या मोबाईलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता म्हणून औषध लगेच मिळालं. तुम्हीही चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

संध्याकाळच्या एसटीनं पन्हाळा. गाडी थेट गडावर जाते, गडावर वस्ती आहे, बाजार आहे. दुसऱ्या दिवशी थकलेल्या दोघांसाठी एक गाडी ठरवून गड बघितला. तीन दरवाजा, जमिनीखाली उतरत जाणारी अंधारबाव, दरीच्या काठावरची सज्जा कोठी. कवी मोरोपंतांचा जन्मही पन्हाळ्याचाच, हे पुतणीनं सांगितलं. १६६० साली शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते इथूनच. भाऊजी पहाटे उठून तटाच्या कडेकडेनं एकटेच फिरून आले होते. अंबरखान्यात, म्हणजे गडाच्या धान्याच्या कोठारात, गंगा, यमुना, सरस्वती अशा नावांच्या दगडी कोठ्या आहेत. आत शिरल्यावर आत्याबाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं धान्य निवडलं कोणी असेल गं?" इतिहास आम्हीही शाळेत शिकलो होतो, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्या दुपारी झुणका-भाकरीच्या टपरीवर बसलो. गरम भाकरी, झुणका, खर्डा, दही, कांदा. ताट आत्याबाईंच्या समोर आलं. त्या दोनदा उठायला निघाल्या, एकदा पाणी आणायला, एकदा ताटं उचलायला. पुतणीनं दोन्ही वेळा दंडाला धरून खाली बसवलं. तिसऱ्यांदा त्या उठल्या नाहीत. निवांत जेवल्या. वर अर्धी भाकरी मागून घेतली.

टपरीवरच्या ताईंची चूल मात्र धगधगत होती. आम्ही विचारलं, "तुम्हाला सुट्टी कधी?" त्या हसून म्हणाल्या, "पाऊस धरला की दोन दिवस माहेरी." आम्ही तिथं भाव केला नाही. खोलीला घासाघीस करावी, पण आपल्यासारख्याच बाईच्या भाकरीला करू नये. आपली चूल बंद राहते ती तिची चालू असते म्हणून.

रात्री वारा सुटला. पुतणीनं चादर डोक्यावरून घेतली आणि म्हणाली, "मनाली नाही, पण चालेल." तिसऱ्या दिवशी जवळच्या जोतिबाला जाऊन गुलाल लावला आणि घरची एसटी धरली.

आता दुसऱ्या सहलीचा जमाखर्च. एसटी १,८३०. खोल्या दोन रात्रींच्या ५,२००. जेवणखाण, चहा-नाश्ता ५,६००. तिथल्या गाड्या-रिक्षा १,७००. प्रसाद, औषध, किरकोळ १,०००. एकूण १५,३३०. जमा १८,०००, शिल्लक २,६७०. राखीव २,००० ला हात लागला नाही. हप्ता शून्य. पुढं त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळाही आहे. बातमी लागली तेव्हा मामंजी येईल-जाईल त्याला सांगत होते, "आम्ही आधीच बघून आलो."

तुम्ही पन्हाळ्यालाच जा, असं आमचं म्हणणं नाही. ज्याच्या त्याच्या घराजवळ असं एखादं ठिकाण असतं. विदर्भातल्या मैत्रिणींना चिखलदरा आहे, तिथं कॉफीचे मळेही बघायला मिळतात. खानदेशात सातपुड्यातलं तोरणमाळ आणि तिथला यशवंत तलाव. मराठवाड्यात वेरूळ-खुलताबादजवळचं म्हैसमाळ. नाशिक-नगरकडं भंडारदरा, तिथं पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. सिंधुदुर्गाकडं आंबोली. चिखलदरा, भंडारदरा, गणपतीपुळे अशा ठिकाणी पर्यटन महामंडळाचे निवासही आहेत, त्यांचे भाव विचारून घ्या. समुद्रावर जाणार असाल तर मे संपताना पाणी खवळायला लागतं, स्थानिक माणूस नको म्हणाला की पाण्यात उतरू नका. आणि सवलतीची एसटी थेट कुठपर्यंत जाते, हे आधी डेपोत विचारा. खर्चाचा निम्मा निकाल तिथंच लागतो.

अजून एक गोष्ट सांगून थांबतो. त्या जूनमध्ये भाऊजींना पुण्यात नोकरी लागली. पुतणी पुढच्या शिक्षणासाठी तिच्या आईवडिलांकडं गेली. आता सहाजण एका पंगतीला बसायचे ते दिवाळीत नाहीतर लग्नकार्यात, आणि तेव्हा आपण वाढत असतो. मोठ्या माणसांचं घर असंच असतं. आज भरलेलं दिसतं, उद्या माणसं आपापल्या वाटेला लागतात. म्हणून "पुढच्या वर्षी बघू" हे सहलीच्या बाबतीत फार वर्षं म्हणू नका. कर्ज काढू नका, पण साठवायला आजच सुरुवात करा. महिन्याला शंभर जमले तर शंभर. वर्षानं १,२०० होतील. तेवढ्यात जवळच्या देवाला जाऊन, बाहेर एक वेळ जेवून, एका दिवसात परत येता येतं. तीही सहलच.

आणि आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला हा एक प्रश्न विचारा. कुठं जायचंय, असं नको. काय करावंसं वाटतं, असं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर थांबा.

आमची आरडी परत सुरू आहे. या खेपेला समुद्र. आत्याबाई म्हणाल्या आहेत, "समुद्राकाठी पण बसूनच जेवायचं."